हत्तरकी सरांची बाद प्लेट

आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे श्रीशैल हत्तरकी सर जगातली कुठलीही वस्तू कडेनंच धरत. चहाची बशी कडेनं, पेपर कोपऱ्यानं, आणि कुणाच्या लग्नाचा फोटो हातात दिला तर असा, की जणू फोटोतल्या नवऱ्याला गुदगुल्याच होणार आहेत. शिवाजी पेठेत ते धोंडुबाईंच्या माडीवर भाड्यानं राहायचे आणि मी समोर. तालमीतली पोरं त्यांना माघारी 'चिमटा सर' म्हणत. पुढ्यात म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण सर अंगानं किरकोळ असले तरी आवाज थेट आखाड्यातला होता.

मी त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. आमच्या दोन प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत, त्यामुळे त्यांचं ओरडणं मला वर्षभर आयतं ऐकायला मिळायचं. इतकी वर्षं ऐकून अमायनो आम्लांचा प्रयोग मलाही पाठ झाला होता. काचेच्या पट्टीवर, म्हणजे प्लेटवर, पांढऱ्या सिलिकाचा पातळ थर द्यायचा. सर हा थर स्वतः द्यायचे, घावन घालणाऱ्या बाईच्या तब्येतीनं. मग खाली पेन्सिलीची रेघ आणि रेघेवर आम्लांचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. प्लेट झाकणाच्या बरणीत उभी करायची. बरणीच्या तळाशी जो आंबूस वासाचा द्रव असतो तो वातीतून तेल चढावं तसा थरातून वर चढतो आणि आम्लांना बरोबर नेतो. ल्युसिन तरातरा पुढं जातं, ग्लायसिन मागं रेंगाळतं, आणि कोण कुठवर गेलं त्यावरून कोण कोण आहे ते ओळखायचं. पण ही मंडळी बिनरंगाची. म्हणून प्लेट वाळवून तिच्यावर निनहायड्रिन फवारायचं आणि ओव्हनमध्ये तापवायचं, की जांभळे ठिपके उठतात.

अडचण एवढीच, की निनहायड्रिनला आपपरभाव नाही. माणसाच्या घामातही अमायनो आम्लं असतात. थराला नुसतं बोट लागलं तरी प्लेटवर जांभळा ठसा उठतो. असली प्लेट सर वर्गापुढं धरायचे. "हा अंगठा कुणाचा? सातबाऱ्यावर केलासा व्हय?" दुसरं पाप याहून मोठं. ठिपके फार जवळ दिले की ते एकमेकात मिसळतात, मग कुठलं कुणाचं ते सांगता येत नाही. "बाद!" ही आरोळी आली, की पलीकडं माझ्या कुंडीतली रोपंसुद्धा दचकायची.

अशा माणसाचं लग्न जमत नव्हतं यात नवल कसलं? तिशी कधीच मागं पडली होती. अंगाला कायम त्या बरणीचा आंबूस वास. एका मुलीनं आवडीनिवडी विचारल्या, तर यांनी तिला सिलिकाचा थर किती जाडीचा असावा ते सांगितलं. मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो, पण संध्याकाळी ते एकटेच माडीच्या कठड्याला टेकून खालची फुटबॉल खेळणारी पोरं बघत उभे राहिले, की मला वाईट वाटायचं. खरंच वाटायचं.

आणि मग गडहिंग्लजच्या विद्याश्रीचं स्थळ आलं. सरांनी तिला नात्यातल्या एका लग्नाच्या पंगतीत पाहिलं होतं. ती वाढत होती. सरांनी पापड दोन बोटांत कडेनं उचलला, तशी ती म्हणाली, "पापड हाय तो, इंचू न्हाय." एवढ्यावर माणूस गार झाला. "हे जमलं तर जमलं," त्यांनी मला सांगितलं, "न्हायतर हा विषय बंद." सरांनी विषय बंद केला, की तो बंदच असायचा, हे मला माहीत होतं.

बघायला जायचा रविवार ठरला. बरोबर मी. दुसरा कुणी असता तर सकाळी दाढी करून गप बसला असता. पण सरांनी आदल्या दिवशी धोंडुबाईंच्या मोड आलेल्या मटकीचा रस काढून प्लेटवर चढवला होता. मिसळीत कुठली कुठली अमायनो आम्लं आहेत ते त्यांना पोरांना दाखवायचं होतं. प्लेट वाळून तयार होती. "निघायच्या आदी तेवढी फवारून येतो," म्हणून कॉलेजात गेले. फवारताना प्लेट घसरली, यांनी डावा हात आडवा घातला आणि सगळा फवारा तळहातावर घेतला. प्लेट वाचली! हात धुतला, पुसला, स्वच्छ दिसला. निनहायड्रिन कातडीवर सावकाश रंगतं. हे त्यांना नसेल माहीत तर कुणाला? पण नवरदेवाचं डोकं त्या दिवशी कुठं ठिकाणावर असतं!

एसटीत कागलपर्यंत हात गुलाबी झाला. निपाणी गेली तोवर जांभळा, आणि गडहिंग्लजच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पिकल्या जांभळाच्या पाटीत मनगटापर्यंत हात घातल्यासारखा. "खिशात ठेवा," मी म्हणालो. त्यांनी ठेवला.

विद्याश्रीचे वडील शिवपुत्र आप्पा मिरचीचे व्यापारी. आवाज मिरचीसारखाच. आई दानम्मा बोलक्या, पण नजर तेज. बोलणं छान चाललं होतं. मग जेवायची वेळ झाली आणि आप्पा म्हणाले, "चला पावणं, पूजा करून घेऊ." त्या लिंगायत घरात इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय कुणी ताटावर बसत नसे. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्यावर नजर लावायची. डाव्याच तळहातावर. सर माझ्याकडं बघायला लागले. मी भिंतीकडं बघायला लागलो.

माणूस भित्रा असता तर पोट दुखतंय म्हणाला असता. सरांनी खिशातून हात काढला, सरळ उघडला आणि लिंग ठेवून त्याच्यावर नजर लावली. पूजा संपेपर्यंत घरातल्या सगळ्यांची नजर त्या जांभळ्या तळहातावरच.

"यव्वा!" शेवटी दानम्मा म्हणाल्या. "पावणं, हाताला काय झालंय हो हे?"

"काही नाही. घामातली अमायनो आम्लं आहेत," सर उत्साहानं म्हणाले. "तुमच्यापण हातावर हाईत की."

"आमच्या हातावर मिरची हाय," आप्पा म्हणाले. "असला रोग न्हाय."

त्यानंतर सरांनी जे व्याख्यान दिलं ते मी सांगत नाही. आमटी गार झाली. आतल्या दाराआड कुणीतरी हसू दाबत होतं. निघताना आप्पा म्हणाले, "कळवतो." आमच्याकडं या शब्दाचा अर्थ काय होतो ते शेंबड्या पोरालाही कळतं. परतीच्या एसटीत मी पहिल्यांदाच सरांची चेष्टा केली नाही.

पुढच्या आठवड्यात तिघंही थेट प्रयोगशाळेत हजर! आप्पा, दानम्मा आणि विद्याश्री. दानम्मांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पोरगी हटून बसली. "डाग लपवायचा असता तर मानूस पूजेला बसलाच नसता, म्हंती. खरं हाय का खोटं, बगून तर येऊ."

तोवर सरांच्या हाताचा रंग बराच उतरला होता. आप्पांना त्याचाच संशय. "येतंय जातंय, असला रोग वाईट," ते म्हणाले.

सरांनी कपाटातून एक कोरी प्लेट काढली. आणि मग मी जे बघितलं त्यावर अख्खं कॉलेज विश्वास ठेवणार नाही. चिमटा सरांनी आपलं बोट त्या पांढऱ्या थरावर सगळ्यांदेखत टेकवलं. "आता तुम्ही," ते म्हणाले. दानम्मांनी हसत टेकवलं. आप्पा म्हणाले थांबा, आणि बेसिनपाशी जाऊन साबणानं हात खसाखसा धुऊन आले, मिरचीची भानगड नको म्हणून. मग टेकवलं. शेवटी विद्याश्री. ती जरा वेळ प्लेटकडं बघत राहिली आणि तिनंही बोट टेकवलं.

फवारणी झाली. प्लेट ओव्हनमध्ये गेली. सर ओव्हनच्या दारापाशी असे उभे, की जणू आत त्यांचाच निकाल भाजतोय. तसा तो भाजतच होता म्हणा.

प्लेट बाहेर आली. सरांचं बोट जांभळं. दानम्मांचं जांभळं. विद्याश्रीचं जांभळं. आप्पांच्या जागी पांढरं स्वच्छ.

"बगा!" आप्पा गरजले. "आमच्या हाताला काय बी न्हाय!"

"आणि माझ्या हाताला हाय, ते?" दानम्मा म्हणाल्या. "म्हंजे मी रोगी व्हय?"

आप्पा गडबडले. सरांचा चेहरा मात्र पडला. वर्षानुवर्षं पोरांना शिकवलेलं सगळं ऐन वेळी डोक्यातून गेलं असावं. तेव्हा विद्याश्री म्हणाली, "आप्पा, तुमी साबणानं घाम धुऊन आलासा की. कपाळ पुसा आनि परत लावा."

आप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. तो भरपूर होता, कारण बायको अजून त्यांच्याकडंच बघत होती. अंगठा टेकवला. पुन्हा फवारणी, पुन्हा ओव्हन. या खेपेला असा गडद अंगठा उठला, की रेघ न् रेघ मोजून घ्यावी. आप्पांनी आपला अंगठा त्याच्याशेजारी धरून बघितला. "आयला," ते म्हणाले, "माजाच की ह्यो."

दानम्मांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, जमलं. पण सरांनी प्लेट उजेडाकडं धरली आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. सगळं विसरून त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

"हे कुणी केलं? एवढी प्लेट मोकळी असताना ठसा दुसऱ्यावर दिलाय. दोन्ही एकमेकात गेलेत. कुठलं कुणाचं सांगता येत न्हाय. बाद!"

मी वाकून बघितलं. सरांच्या ठशावर अर्ध्यावर चढून दुसरा एक नाजूक ठसा होता.

"मी केलं," विद्याश्री म्हणाली.

"चुकून?"

"न्हाय."

सर तरी प्लेटच न्याहाळत होते. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर चप्पल दाबली, चांगली कोल्हापुरी, जाड तळाची. तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली. आणि त्या दिवशी हातापेक्षा चेहरा जास्त रंगला.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. परवा त्यांच्या घरी गेलो तर प्लेट टीव्हीशेजारी काचेच्या कपाटात उभी. ठसे जांभळे राहिले नाहीत. तो रंग उडून जातो म्हणून सरांनी लग्नाआधीच त्यावर तांब्याचा क्षार फवारून रंग पक्का केला होता. त्यामुळं ठसे आता लालसर दिसतात.

"बाद प्लेट कशाला जपलीय?" मी मुद्दाम विचारलं.

"राहू दे की," सर म्हणाले.

विद्याश्रीवहिनी चहा घेऊन आल्या. माझं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. त्यांनी कपाट उघडलं, प्लेट उचलली आणि माझ्या हातात दिली. थरावर चक्क अंगठा टेकवून. मी श्वास धरून सरांच्या आरोळीची वाट बघत राहिलो. सर बशी कडेनं धरून चहा पीत होते आणि वहिनींकडं बघून हसत होते.