विहिरीतला ॲडमिरल

नौदलातल्या वैमानिकाची निम्मी नोकरी हवामान सुधारायची वाट बघण्यात जाते. बाहेर ढग, आत चार रिकामटेकडे पायलट आणि चहाचा थर्मास. दुसरं होणार काय? किस्सेच होणार! चौतीस वर्षांत माझे पराक्रम दोन-तीन झाले असतील, पण ते ऐकायला कोणी तयार नाही. नागपुरात मनीषनगरच्या पोह्याच्या ठेल्यावर आमची रिटायर्ड मंडळी जमली की फर्माईश एकच, "ॲडमिरल, एखादी फजिती सांग बे!"

मी नरखेड तालुक्यातल्या खेड्यातला. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ट्रेनिंगला गेलो तेव्हा. पोहणं मात्र येत होतं, कारण उन्हाळाभर आम्ही संत्र्याच्या बगिच्यातल्या विहिरीतच पडलेलो असायचो.

अकादमीत पोहण्याची टेस्ट होती. उंच फळीवरून उडी मारायची. आधीची पोरं सुरीसारखी सरळ पाण्यात शिरली. मला उडी एकच माहीत. गुडघे पोटाशी घेतले आणि धाडकन मुटका मारला! वर येऊन पाहतो तर काठावरचे इन्स्ट्रक्टर त्यांच्या पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या युनिफॉर्मसकट चिंब. हातातल्या मार्कांच्या कागदाचा लगदा झाला होता.

"किसने सिखाया ये?" ते ओरडले.

"कुएँने, सर!"

त्यांनी पास केलं. मार्क वाचायला उरलेच नव्हते ना!

एकट्यानं विमान उडवायला लागून आठवडा झाला असेल. उतरताना चाकं नीट खाली आली की समोर तीन हिरवे दिवे लागतात. माझे दोनच लागले. वरच्या वर एक चक्कर मारली, दुसरी मारली. टॉवरमधून इंग्रजीत विचारणा झाली, अडचण काय आहे? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, एक दिवा लागूनच नाही राहिला ना!"

रेडिओवर आवाज आला, "काहून बे? नागपूरचा हायेस काय?"

टॉवरमधला अधिकारी नागपूरच्या महाल भागातला निघाला! त्यानं मला विमान टॉवरजवळून न्यायला लावलं, दुर्बिणीतून पाहिलं आणि म्हणाला, "तिन्ही चाकं दिसून राहिले. उतर आता गुपचूप." उतरलो. मेकॅनिकनं तपासलं, तर फक्त बल्ब उडाला होता.

इन्स्ट्रक्टरनं रिपोर्टात लिहिलं, 'लँडिंग ठीक. भाषा समजली नाही.'

लग्नासाठी मुलगी पाहायला आम्ही कळमेश्वरला गेलो. मुलीचे वडील कारखान्यात फोरमन, हिशेबी बोलणारे.

"नोकरी कुठी हाय?"

"समुद्रावर."

"अन् काम?"

"आकाशात."

त्यांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. मग म्हणाले, "जमिनीवर काही हाय काय?"

माझी आई पुढं सरकली, "हाय ना भाऊ! चार एकर संत्रा हाय."

लग्न तिथंच ठरलं. बायको अजून ऐकवते, "मी होकार बगिच्याले दिला होता. तुम्ही सोबत आले."

पुढं मी हेलिकॉप्टरवर गेलो. एकदा खवळलेल्या समुद्रात मासेमारीची एक होडी बुडत होती. आम्ही वर थांबून दोरानं एकेकाला उचलत होतो. चौघं वर आले. पाचवा, होडीचा म्हातारा तांडेल, डोलकाठी सोडायलाच तयार नाही! इंधन संपत आलं होतं. आणखी दोन मिनिटांत मला त्याला तिथंच सोडून फिरावं लागलं असतं. शेवटी आमच्या पाणबुड्यानं खाली उतरून त्याला अक्षरशः मिठी मारून वर आणलं.

किनाऱ्यावर उतरलो. तांडेल माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आता आशीर्वाद देतो.

"मघापासून डोक्यावर एवढा वारा तूच घालत होतास?" तो म्हणाला. "त्यानंच बुडाली माझी होडी!"

रिअर ॲडमिरल झाल्यावर एका कार्यक्रमासाठी नागपूरला आलो होतो. सरकारी गाडी होती, तिच्यावर दोन स्टारची पाटी. तशीच गाडी गावाकडं वळवली. शेजारच्या नामदेवकाकांनी मोटारसायकल थांबवली आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"हे काय व्हय गा?"

"स्टार, काका. माझी रँक."

"किती वर्सं झाले नोकरीले?"

"एकतीस."

"अन् दोनच?" काकांचा चेहरा उतरला. "आपल्या ठाण्यातला फौजदार कालचा पोरगा हाय, त्याले बी दोन हायेत!"

मग पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "होईन, होईन. वरच्या साहेबाशी जमवून घेत जाय."

माझे बाबा विमानात कधीच बसले नव्हते. नोकरीभर मी मागं लागलो होतो, ते म्हणायचे, "मले बस बरी." पण मी मोठी कमांड हाती घेणार होतो, त्या समारंभाला ते तयार झाले. नागपूरहून साधं प्रवासी विमान, खिडकीशी बाबा, शेजारी मी. बाबांनी पट्टा बांधला, टोपी मांडीवर ठेवली आणि झोपून गेले.

अर्ध्या तासानं विमान ढगांत शिरलं आणि आदळायला लागलं. खणाखण आवाज, वरच्या कप्प्यातून एक पिशवी पडली, मागं एक बाई रडायला लागली. असे ढग मी शेकड्यानं पार केले होते. पण तेव्हा दांडा माझ्या हातात असायचा! इथं हातात काहीच नाही. मी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले. पाय आपोआप खाली नसलेली पेडलं दाबत होते.

बाबांना जाग आली. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग माझ्या हातांकडं पाहिलं आणि त्यावर आपला हात ठेवला.

"काहून भेऊन राहिला रे?" ते म्हणाले. "तू थोडाच चालवून राहिला!"