खाष्ट सासूची कॅसेट

मी सिनेमात काम केलंय म्हटलं की नातवंडं हसतात. हसू देत. आमच्या अमळनेरच्या गल्लीतल्या एका मास्तरांना अहिराणीत व्हिडिओ सिनेमा काढायची हौस आली, आणि नळावरची माझी भांडणं ऐकून त्यांनी मलाच खाष्ट सासू केलं. सुनेचं काम करणारी मुलगी धुळ्याची, कॉलेजात शिकणारी. केस ओढायचे त्या दिवशी मीच आधी तिच्या डोक्याला खोबरेल चोळलं, बिचारीला दुखू नये म्हणून.

सिनेमा झाला, चार गावांत दाखवलाही. मग एका साप्ताहिकात माझा फोटो आला. हातात सुनेची वेणी, डोळे हे एवढे मोठे! वर मथळा, 'अमळनेरच्या सासूकडून सुनेचा छळ'. सिनेमाचा उल्लेखसुद्धा नाही. हुंड्यावरच्या लेखाला फोटो हवा असेल, हाताला लागला तो लावला. मास्तर जाऊन भांडले, तर पुढच्या अंकात कापसाच्या भावाखाली दोन ओळींची दिलगिरी. ती कोण वाचतंय?

मला आधी हसूच आलं. खोटं कशाला बोलू, नट्यांबद्दल छापून आलेलं मीही चवीनं वाचायची आणि पदरचे चार आणे घालून शेजारणीला सांगायची. पण आठवड्यातच भडगावहून निरोप आला, "जरा थांबू." तिथल्या मुलीशी माझ्या मुलाचं लग्न ठरत आलेलं. दोघं एकमेकांना पसंत. मुलगा जेवेना.

मी कॅसेट पिशवीत टाकली आणि एसटीत बसले. म्हटलं, सिनेमाच आहे हे त्यांनी डोळ्यांनी बघावं. मुलीच्या वडिलांनी भाड्याचा व्हिडिओ आणवला. ओसरी माणसांनी भरली. पुढे बसली मुलीची थोरली आत्या. त्या घरात शब्द तिचाच.

आणि काय सांगू, बघून आणखीच बिघडलं! माझं काम इतकं झकास वठलेलं की आत्या माझ्यापासून हातभर सरकून बसली.

"अक्का, अहो, ते सोंग आहे."

"मनमा नही ते हातमा कथाईन येस, बाई?"

मनात नसलेलं हातात येतंच कुठून, असं तिचं म्हणणं.

तेवढ्यात जेवणाचा प्रसंग आला. मी सुनेच्या पुढ्यातलं ताट लाथाडते, भाकरी उडते. मास्तरांनी सांगितलेलं, तरातरा निघून जायचं. पण अन्नाला पाय लागलेला! मी वाकले, भाकरीला हात लावून कपाळाला लावला आणि मग तरातरा गेले. मास्तरांनी तेव्हा डोक्याला हात लावला होता, पण उजेड संपत आलेला, म्हणून तसंच ठेवलं.

"थांब रे! मांगे ले!" आत्या ओरडली. पुतण्यानं कॅसेट मागे नेली. तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा ती पदर तोंडाला लावून अशी हसायला लागली की ओसरीभर हसू पसरलं.

"जी बाई भाकरले पाय लागना म्हणून पाया पडस, ती सुनले काय मारी! बठ्ठं खोटं छापेल शे." मग नुसत्या बघत बसलेल्या भावाकडे वळून, "दखत काय बठना? साखर आन!"

साखर वाटली. निघताना मी कॅसेट मागितली, तर आत्यानं मांडीखाली दडवली.

"राहू दे आठेच. आमनी पोरले काही बोलनी ना, ते तुलेच दखाडाले कामे ई!" म्हणजे मी सुनेला बोलले, की माझीच भाकरी मला दाखवणार!