तिरकी बाज

निजामाच्या राज्यातली शेवटची दोन वर्षं मी जिंतूर तालुक्यातल्या एका गावात मास्तर होतो. पोरं मराठी, पुस्तकं उर्दू आणि माझा राग सदा नाकावर. समांतरभुज चौकोनाला आमच्या पुस्तकात ‘मुतवाझीउल अझला’ म्हणत. हे म्हणताना माझीच जीभ अडखळायची, तर पोरांवर ओरडायला मला तोंड कुठलं? तरी ओरडायचोच.

वर्गात मानवतकडच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा होता. कसलीही व्याख्या चालीवर म्हटली की त्याची पाठ. दुसऱ्या एकाला पाटीवर आकृती काढू दिली तरच कळायचं. सुताराच्या मुलाला मात्र ऐकून कळत नव्हतं आणि बघूनही नाही. त्या जमातीत, म्हणजे इयत्तेत, त्याचं हे दुसरं वर्ष. बापानं मला बजावलं होतं, “औंदा वर चढला तर शिकू द्या. न्हाई तर माझ्यासंगं कामाला बसंल.” मुलाला शिकायचं होतं. छडी खाऊनही तो दुसऱ्या दिवशी पुढंच येऊन बसायचा.

शेवटी कंटाळून मी त्याला म्हणालो, “घरून काहीतरी चौकोनी घेऊन ये, बाबा.” पठ्ठ्यानं डोक्यावर अख्खी बाज आणली. विणायची राहिलेली, नुसती चार लाकडं आणि चार पाय. त्यानं एका कोपऱ्याला धक्का दिला, बाज तिरकी झाली. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांना दोन सुतळ्या बांधून तो बोलायला लागला.

“मास्तर, दोनी सुतळ्या सारख्या भरल्या की बाज सरळ. आता बगा, येक लांब, येक आखूड. पर समोरासमोरची लाकडं तेवढीच ऱ्हातेत. आन सुतळ्या जितं कापतेत, तितं दोगींचे बी निम्मे निम्मे भाग व्हतेत.”

हा नियम मी कित्येक वर्षं घोकून घेत होतो. मला तो खरा कळला त्या दिवशी. आनंदानं मी त्याची पाठ थोपटली. उर्दू नाव ऐकलं की तो गांगरतो, म्हणून त्याला म्हणालो, “तुला नाव मागून सांगतो. आधी आकार पक्का होऊ दे.” जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, सुट्टी झाली की सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

तपासणीचे साहेब गुरुवारीच आले. वरच्या जमातीत कुणाला घालायचं ते त्यांच्याच हातात होतं. त्यांनी नेमकं त्यालाच उभं केलं. “मुतवाझीउल अझला किसे कहते हैं?”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. हे नाव त्या बाजेचंच, हे त्याला माहीत नव्हतं. साहेबांनी फळ्यावर आकृती काढून पुन्हा विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. “तिरकी बाज!” तो म्हणाला.

साहेब हसले. वर्ग हसला. मीसुद्धा हसलो, हे लिहिताना आजही लाज वाटते. साहेब, याला सगळं येतं, नाव मीच सांगितलेलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण उर्दू पुस्तक सोडून मराठीत शिकवतो हे कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. साहेबांनी त्याच्या नावापुढं फुली मारली.

दोन दिवसांनी बाप त्याला न्यायला आला. मला हात जोडून म्हणाला, “मास्तर, तुमी लय जीव तोडून शिकिवलं. ह्याचं डोस्कंच लाकडाचं, तुमी तरी काय करणार?”

तेव्हा तरी बोलायचं होतं. वर्गात साहेब नव्हते, कुणीच नव्हतं. मुलगा बापाच्या बाजूला उभा राहून माझ्या तोंडाकडं बघत होता. मी काहीच बोलत नाही असं पाहिल्यावर त्यानं मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, “व्हय, मास्तर. मला न्हाईच येत.”