शेवटच्या मैलाची घोडी

इंजिन खोलून परत जोडलं की चार नट उरतातच. गाडी चालते, नट डब्यात पडतात. पिंपरीच्या आमच्या गॅरेजचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. पन्नासच्या दशकात मी तिथे फिटर होतो, आणि दगडू मिस्त्री आमचे वस्ताद.

एका मेजरसाहेबांनी विलायती स्पोर्ट्स कार शर्यतीत उतरवली होती. चाकणहून नाशिक आणि परत चाकण. शर्यत तोंडावर आली आणि गाडीचा मागचा ॲक्सल तुटला. नवा बोटीने यायला चार महिने! मिस्त्रींनी जुन्या ट्रकचा ॲक्सल लेथवर चढवला आणि तीन दिवसांत नवा कातून काढला.

पुण्याचे मेकॅनिक हसले. येताना गाडी ओढून आणायला बैलगाडी पाठवू म्हणाले. मिस्त्रींना ते फार लागलं. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "ह्यो वाटेत मोडला, तर पुन्हा पान्याला हात लावणार न्हाई."

हा माणूस बोललेलं पाळायचा.

*

ट्रायलला मोशीपर्यंत गेलो. गाडी बुटकी, बिनछपराची. बांधावरचा एक म्हातारा जवळ आला, गाडीभोवती फिरला आणि काम किती राहिलंय विचारू लागला. झाली तयार, असं मिस्त्रींनी सांगितलं.

म्हातारा हळहळला. "मग छप्पर कवा घालताय? पाऊस तोंडावर हाय."

*

साहेबांना वजन कमी हवं होतं. बंपर काढले, स्टेपनी काढली, दारंसुद्धा काढली. शर्यतीत साहेब गाडी चालवणार आणि मिस्त्री शेजारी बसणार होते. ते आले ते अवजारांची पेटी आणि घरून वहिनींनी दिलेल्या बारा भाकऱ्या घेऊन!

साहेब भडकले. बरीच घासाघीस झाली. शेवटी पेटी राहिली, भाकऱ्या राहिल्या, आणि मिस्त्रींनी वहाणा काढून ठेवल्या.

त्या वहाणा हातात घेऊन मी दिवसभर चाकणला उभा होतो.

*

चाकणकरांना शर्यत माहीत होती ती बैलांची. तिथे बैलांपुढे घोडी पळते, तिच्या मागे बैल. घोडीवर बसायचा मान शंकररावांचा. मोटारींपुढे घोडीच नाही, हे बघून त्यांना फार वाईट वाटलं.

दुपारी धुरळा दिसला. आमची गाडी सगळ्यांच्या पुढे होती! शेवटचा मैल उरला होता. तेवढ्यात शंकररावांनी घोडी रस्त्यावर घातली.

दोन्ही बाजूंना माणसं, मधे घोडी. गाडीला वाट मिळेना. साहेब हॉर्न वाजवत होते. आपलं कौतुक चाललंय असं वाटून शंकरराव हात उंचावत होते. मागे आणखी दोन गाड्या येऊन अडकल्या, आणि ही वरात दुडक्या चालीने रेषेपाशी आली.

पहिली आली घोडी, दुसरी आमची.

साहेबांनी शंकररावांना नको ते सुनावलं. बिचारे खाली मान घालून गेले.

*

दुसऱ्या दिवशी मी आणि मिस्त्रींनी ॲक्सल बाहेर काढला. निम्म्याहून जास्त चिरला होता. गाडी आणखी एक मैल जोरात गेली असती तर त्याचे दोन तुकडे झाले असते. मिस्त्री बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिले. मग हात धुतले, बाजारातून गुळाची ढेप घेतली आणि मला घेऊन एसटीने चाकण गाठलं.

शंकरराव रुसलेलेच होते. मिस्त्री घोडीला गूळ चारू लागले. ते बघून शंकररावांना धीर आला.

"मिस्त्री, तुमीच सांगा. घोडी पुढं व्हती म्हणूनच गाडी आली का न्हाई?"

मिस्त्रींनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला.

"व्हय," ते म्हणाले.