तू निस्तं हूं म्हन

हिंगोली जिल्ह्यात आजवर जितके लोक कॉम्प्युटर शिकले, त्यांतला सगळ्यात बडबड्या माणूस माझा रूम पार्टनर होता. याबद्दल कुणी वाद घालायला आला तर मी भांडायला तयार आहे. दोन हजार सालाच्या आसपास आम्ही हिंगोलीत एका खोलीत राहायचो. मी डी.एड. करत होतो आणि तो प्रोग्रॅम लिहायला शिकत होता. लिहायला म्हणजे बोलायलाच. सेनगावकडच्या साखरा गावातल्या मेंढपाळाघरचं हे पोरगं. त्यांच्याकडे दिवेलागणीला गोष्ट सांगायची रीत, आणि ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणत राहायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. या गड्याने तीच रीत प्रोग्रॅमला लावली. चूक सापडेना झाली की कागद घेऊन तो माणूस शोधत निघायचा. घरमालकीणबाई डाळ निवडत बसलेल्या दिसल्या की संपलंच. एकदा नरसीला नामदेवांच्या दर्शनाला गेलो, तर रांगेतल्या एका अनोळखी आजोबांना याने पगारपत्रकाचा अख्खा प्रोग्रॅम ऐकवला. आजोबा भक्तिभावाने हूं हूं करत राहिले आणि देवळाच्या पायरीशी पोचेपर्यंत याला चूक सापडली.

माझ्यावर तर रोजचीच पाळी. एकदा वैतागून मी म्हणालो, "अरे, मला यातलं ओ की ठो कळत नाही!"

"कळायचं कामच न्हाई," तो शांतपणे म्हणाला. "कळणारा मानूस मधीच तोंड घालतो. मंग माझी चूक मला कशी दिसंल? तू निस्तं हूं म्हन."

शिकून झाल्यावर तो नोकरीसाठी पुण्याच्या कंपन्यांत परीक्षा द्यायला जाऊन येऊ लागला. तिथे मात्र या रीतीनेच त्याचा घात केला. पहिल्या कंपनीच्या लेखी परीक्षेत हा पुटपुटायला लागला. शेजाऱ्याला उत्तरं सांगतोय असं समजून त्यांनी त्याला बाहेर काढलं. दुसऱ्या कंपनीत याने दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेतलं. तोंडाबरोबर डोकंही मिटलं आणि पेपर कोरा राहिला. मग एक दिवस त्याचे वडील खांद्यावर घोंगडी टाकून खोलीवर आले. "बास झालं आता. घरी चल. मेंढरं राखाय मानूस न्हाई," म्हणाले. याने हातापाया पडून आणखी एक संधी मागून घेतली. तीही हुकली तर साखऱ्याला परत, असं ठरलं. त्या दिवशी हा जेवला नाही आणि मुख्य म्हणजे बोललाही नाही. मला खरंच काळजी वाटली.

तिसऱ्या कंपनीत मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी एक बिघडलेला प्रोग्रॅम पडद्यावर दाखवला आणि चूक शोधायला सांगितलं. याने दोनदा सगळ्या ओळी नुसत्या डोळ्यांनी वाचून पाहिल्या, काही दिसेना. शेवटी मेंढरं डोळ्यांपुढे उभी राहिली, तसा धीर करून म्हणाला, "साहेब, तकलीफ नसंल तर मी वाचून सांगतो, तुमी निस्तं हूं म्हना." साहेबांनी आधी लाजत हूं म्हटलं, मग टेबलावर कोपर टेकून म्हटलं, आणि थोड्या वेळाने हूं विसरून "मग?" असं विचारलं. गोष्ट सांगणाऱ्याला याहून मोठं बक्षीस नसतं. पुढच्याच ओळीत याने चूक पकडली. नोकरी लागली.

त्याला पुण्याच्या गाडीत बसवून द्यायला मी आणि त्याचे वडील स्टँडवर गेलो. गाडी हलली तरी हा खिडकीतून बोलतच होता. गाडी दिसेनाशी झाली, पण वडील जागचे हलेनात. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काका, आता मेंढरांचं कसं?"

"मेंढरांचं काय, गडी मिळतो," ते म्हणाले. "गोष्ट मी सांगायचो अन् हूं ह्यो म्हनायचा. एवढंसं लेकरू होतं तवापासून. दुसऱ्या कोनाचं हूं मला चालत न्हाई."

सेनगावच्या गाडीला अवकाश होता. मी त्यांना बाकावर बसवलं आणि म्हणालो, "सांगा काका, मी म्हणतो." त्यांनी एका लांडग्याची गोष्ट सुरू केली. मी अगदी मन लावून हूं म्हणत होतो, पण दर हूंनंतर ते पुण्याची गाडी गेलेल्या रस्त्याकडे बघत होते.