मिरचीचं सूत आणि टायपिंगवाले चाचा

नांदेडात आजवर जेवढे लोक डॉक्टर झाले, म्हणजे औषध न देणारे डॉक्टर, त्यातले निम्मे आमच्या टायपिंगवाल्या चाचांच्या हाताखालून गेले आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांचे प्रबंध वाचवत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. चाचा स्वतः उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकलेले. आधी टाइपरायटर आणि मग संगणक घेऊन ते विद्यापीठाच्या रस्त्यावरच्या एका गाळ्यात बसत. टाइप करणाऱ्याने मजकूर वाचायचा नसतो, नुसती अक्षरं उतरवायची असतात, हा त्या धंद्याचा साधा नियम त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. त्यामुळे गोदावरीतल्या माशांचं यकृत, लोकगीतांतली सासू, ग्रामपंचायतींचे ठराव, चोपण जमिनी असं सगळं ज्ञान त्यांच्या डोक्यात गर्दी करून बसलेलं असे. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेला माणूस माशाच्या यकृतावर दहा मिनिटं ऐकूनच बाहेर पडायचा.

वाचणं एक वेळ परवडलं, पण चाचा हरकती घेत. ‘प्रस्तुत संशोधिकेने असे निरीक्षण नोंदविले आहे’ अशी ओळ आली की त्यांची बोटं थांबत. “ही संशोधिका कोण हाय? तूच ना? मग ‘मी’ म्हण की. लाजतीस कशाला?” नोकरीचे अर्ज आणि बायोडेटेही तेच करून देत. छंदापुढे ‘वाचन’ लिहिणाऱ्याला ते शेवटचं काय वाचलं ते विचारत, आणि समोरचा डोकं खाजवू लागला की ते खोडून सरळ ‘क्रिकेट बघणे’ असं टाकत. मुलाखतीची तालीमही त्यांच्याच गाळ्यात व्हायची. हदगावच्या एका पोराला त्यांनी सात वेळा बाहेर पाठवून सात वेळा आत बोलावलं. “चपलाकडं बघत येऊ नको. तिथं तुझी चप्पल कुणी चोरत न्हाई.” मुलाखतीला नवा शर्ट घालायला त्यांची सक्त मनाई होती, नव्या शर्टातला माणूस उत्तरं सोडून शर्टच सांभाळत बसतो, असं त्यांचं म्हणणं. तो पोरगा जुन्या शर्टात गेला आणि लागला. मग तर चाचांच्या बोलण्याला धरबंदच उरला नाही.

मी नायगावची. माझा विषय होता धर्माबादच्या बाजारात मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बायका. सहा वर्षं झाली होती, मुदतवाढीची शेवटची खेप चालू होती, आणि शुक्रवारी पाचच्या आत प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द होऊन मला हात हलवत घरी जावं लागणार होतं. घरचे त्याचीच वाट पाहत होते म्हणा ना, स्थळं तयार होती. चौथं प्रकरण मात्र काही केल्या लिहून होईना. शेवटी मी एका मैत्रिणीकडून कापसावरच्या एका जुन्या प्रबंधाची फाइल मिळवली, त्यातलं प्रकरण उचललं, आणि संगणकाला सांगितलं की दिसेल तिथे कापूस काढ आणि मिरची घाल, हदगाव काढ आणि धर्माबाद घाल. अर्ध्या मिनिटात प्रकरण तयार! सोमवारी सकाळी ते छपाईसाठी चाचांकडे पोचवून मी अगदी निश्चिंत झाले.

दुपारी त्यांचा फोन आला, “बेटा, जरा येऊन जा.” गेले, तर चाचा चष्मा कपाळावर चढवून बसलेले. त्यांनी शांतपणे वाचायला सुरुवात केली. “धर्माबादच्या मिरचीपासून उत्तम प्रतीचं सूत निघतं.” पान उलटून पुढे, “मिरचीच्या गाद्या थंडीत उबदार असतात.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “उबदार तर असतीलच. झोपून बघितलीस का?” मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. “हदगावचा कापूस मीच टाइप केला होता, बारा-तेरा वर्षं झाली असतील. हे मी करणार न्हाई. दुसरीकडं जा, लोक करून देतात.”

मी रडले. चार दिवस उरलेत, चाचा, आता कुठून लिहू, म्हणून अक्षरशः हात जोडले. पडद्यामागे चाची प्रबंधांची पानं शिवत बसायच्या. चाचांनी मला तिकडे नेऊन बसवलं. “हिला सांग, काय बघितलंस तिथं. कागद नक्को, तोंडानं सांग.”

मी नाक पुसत पुसत सांगू लागले. देठ खुडून बायकांच्या हातांची आग आग होते. घरी आल्यावर त्या ताकात हात बुडवून बसतात. एकीचं लेकरू दहा महिन्यांचं होतं. ते तिच्याकडे झेपावायचं आणि ती हात मागे घ्यायची, त्याच्या डोळ्याला आपला हात लागेल म्हणून. सासू त्याला उचलून न्यायची. ती आई मला म्हणाली होती, “ताई, हंगामभर मी माझ्या लेकराला निसतं लांबून बघते.”

चाचींची सुई थांबली. “या अल्ला. हे कुठं लिवलंस गे?”

हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. दोनशे पानांत संकल्पना होत्या, व्याख्या होत्या, तक्ते होते. ती बाई नव्हती. चाचा पडद्याशी उभे होते. “मग सहा वर्षं काय करून राहिलीस?” एवढंच म्हणाले आणि संगणकापाशी जाऊन बसले. “हौ, बोल.”

तीन दिवस मी बोलत होते आणि ते टाइप करत होते. मी अडले की ते थांबत. सुचवत मात्र काही नसत. एकदा मीच कंटाळून म्हटलं, “चाचा, तुम्हीच घाला ना एखादं वाक्य.” त्यावर ते एवढे रागावले की चहासुद्धा एकट्यानेच प्यायले. शुक्रवारी चाचींनी पाच प्रती शिवल्या, चाचांनी मला स्कूटरवर मागे बसवून त्या माझ्या मांडीवर ठेवल्या, आणि पावणेपाचला विद्यापीठाच्या खिडकीत शिक्का पडला. पुढे मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी तास-दीड तास फक्त चौथ्या प्रकरणावर विचारलं. त्याच प्रकरणाने मला लातूरची नोकरी मिळवून दिली, असं मी मानते.

चाचा दोन वर्षांपूर्वी गेले. परवा माझी एक विद्यार्थिनी ऋणनिर्देश कसा लिहितात ते पाहायला माझा प्रबंध घेऊन बसली होती. तिला म्हटलं, शेवटचा परिच्छेद बघ, टायपिंगवाल्या चाचांवर चार ओळी आहेत, तशा मनापासून लिहायच्या. तिने पान दोनदा पाहिलं. “मॅडम, हे तर आईवडिलांवरच संपतंय.” मीही पाहिलं. त्या चार ओळी मी माझ्या हाताने लिहून चाचांकडे टाइप करायला दिल्या होत्या. शिक्का पडल्यानंतर इतक्या वर्षांत ते पान मी उघडलं नव्हतं. ओळींमधलं अंतर असं बेताने वाढवलेलं होतं की पान कुठेही रिकामं वाटू नये.

आता विचारायचं कुणाला? अख्खा प्रबंध माझ्या शब्दांत आहे. दुसऱ्याचा हात फिरलेलं असं त्यात तेवढं एकच पान आहे.