शुद्ध मराठीतलं व्याख्यान

आमच्या घरी मराठी होतं, पण चारचौघांत न्यावं असं नव्हतं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेमागून आमची माणसं बेंगळुरात आली. फौज गेली, आम्ही राहिलो आणि कापड विकायला बसलो. चिकपेटेतल्या दुकानात अण्णा, म्हणजे माझे वडील, गिऱ्हाइकाचं तोंड बघून कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलायचे. मराठी फक्त वरच्या मजल्यावर, घरात. ‘स्वल्प थांब’, ‘सुम्मने बडबडू नको’, ‘सरी, उठा आता’. स्वल्प म्हणजे जरा, सुम्मने म्हणजे उगाच, सरी म्हणजे बरं. यातले निम्मे शब्द कन्नड आहेत हे मला शाळेत गेल्यावर कळलं, आणि कळलं म्हणून काही बिघडलंही नाही. आमच्या दृष्टीनं ते मराठीच होतं. दुसरं मराठी आम्ही ऐकलंच कुठं होतं?

अण्णांनी ऐकलं होतं. एकदा पुण्याला गेलो असताना एका दुकानात त्यांनी तांब्या मागितला, तर दुकानदार गोड हसून म्हणाला, “कानडी का? बरं बोलता की मराठी!” अण्णा तांब्या न घेताच बाहेर पडले. इकडे बेंगळुरात भाषेवरून वातावरण तापलं की ओळखीची माणसंसुद्धा विचारायची, निम्म ऊरु याऊदु, तुमचं गाव कोणतं? तीनशे वर्षांनंतर गाव कोणतं! धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटचा, अशी आमची गत. अण्णा कधी चिडायचे नाहीत, पण एक इच्छा त्यांनी मनात धरली होती. कुणीतरी त्यांना एकदा, काही न विचारता, आपला माणूस म्हणावं.

नव्वदच्या दशकात शहरात पुण्या-मुंबईची माणसं भराभर यायला लागली. कुणी कारखान्यात, कुणी कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्यांनी एक मराठी मंडळ काढलं. अण्णांना कळलं मात्र, स्कूटरला किक मारून ते गणपतीच्या तयारीला हजर. खुर्च्या लावल्या, मखराला कापड दिलं, फुकट. मेंबर करून घ्या म्हणाले. सेक्रेटरी एका कारखान्यातले इंजिनियर होते, वागायला अतिशय सभ्य. ते म्हणाले, “बघू, कमिटीत विषय ठेवतो. तुम्ही लोक तसे इथलेच ना?” दोन वर्षं तो विषय कमिटीत राहिला आणि अण्णा खुर्च्या लावत राहिले. आई वैतागून म्हणायची, “तुमचं दुकान तिथंच लावा की!”

मी तेव्हा एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते, म्हणजे कॉमर्सच्या पोरांना झोपायला एक तास देत होते. शनिवारी दुपारी आम्ही पाच-सहा जण जर्मन शिकवणाऱ्या एका संस्थेच्या वाचनालयात जमायचो आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या जर्मन विचारवंतांचं लेखन वाचायचो. अर्थात इंग्रजीतून. जर्मन कुणाला येत होतं, कप्पाळ! पण त्या वाचनानं मला झपाटलं होतं. मला जे समजलं ते असं. इतिहास जिंकलेले लोक सांगतात, त्यात भरडल्या गेलेल्यांना जागा नसते. पण ते नाहीसेही होत नाहीत. ते भाषेत जाऊन बसतात, शब्दांच्या सांध्यांत. आणि कला, म्हणजे गाणं असो, चित्र असो, गोष्ट असो, ते दडलेलं परत ऐकू येईल असं करते. तेही तिच्या सुंदरपणामुळे नव्हे, तर जिथं दाताखाली खडा लागतो तिथं. गुळगुळीत कलेवर या मंडळींचा मुळीच विश्वास नव्हता. गुळगुळीत म्हणजे कुणीतरी घासून काहीतरी काढून टाकलंय, असंच ते धरून चालायचे.

हे मी अण्णांना जेवताना सांगायची. त्यांना किती कळायचं देव जाणे, पण त्यांनी ते सेक्रेटरींच्या कानावर घातलं. आणि त्या वर्षी गणेशोत्सवातल्या व्याख्यानाचे पाहुणे ऐनवेळी आजारी पडले. सेक्रेटरी स्वतः दुकानात आले. “तुमच्या कन्येनं बोलावं. इतिहास, भाषा, कला आणि जर्मन विचार. वेगळा विषय आहे, लोकांना आवडेल.”

अण्णा वर आले ते धापा टाकतच. “पुट्टी, तू बोल. तू चांगलं बोललीस तर माझं काम झालं.” मी लहान होते तेव्हापासून ते मला पुट्टी म्हणत, म्हणजे चिमुकली. त्यांचं काम म्हणजे कुठलं, हे विचारायची गरज नव्हती.

मी व्याख्यान लिहिलं. आमचं शिक्षण कन्नड शाळेतलं, म्हणून आमच्याकडे मराठी लिहायचं तर कन्नड लिपीतच. आई किराण्याची चिठ्ठी तशीच लिहायची, मीही व्याख्यान तसंच लिहिलं. आणि उदाहरण घेतलं आमच्याच घरचं. नवरात्रात घट बसताना अण्णा एक गाणं म्हणायचे, त्यांच्या वडिलांकडून आलेलं. त्यात देवीला एकाच ओळीत ‘ये’ पण म्हटलेलं आहे आणि कन्नडमधलं ‘बा’ पण, अर्थ तोच. मधेच घोड्यांच्या चाऱ्याचा विषय येतो, नदी उतरताना मागं राहिलेल्या बाईचा येतो आणि काही शब्द तर असे की आज त्यांचा अर्थ कुणालाच लागत नाही. लिहिता लिहिता माझ्या अंगावर काटा आला. ज्या गोष्टीसाठी ती जर्मन माणसं पानंच्या पानं खर्ची घालत होती ती आमच्या घटापुढे बसून आळवली जात होती. फौजेचं नाव कुठल्याही पुस्तकात असेल, पण ती मागं राहिलेली बाई फक्त या गाण्यात होती, अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या कन्नडमध्ये. मी ते अण्णांना वाचून दाखवलं. ते एवढे खूश झाले की गाणं परत म्हणूनच दाखवलं.

पण मग त्यांनाच शंका आली. “भाषा बरोबर आहे ना? स्वल्प कुणाला तरी दाखवू या.”

रविवारी आम्ही स्कूटरवरून के. आर. पुरमला सेक्रेटरींच्या घरी गेलो. त्यांची बायको पुण्यात शाळेत मराठी शिकवायची, इकडे बदलीमुळे घरी बसलेली. मी त्यांना काकू म्हणायची. बाई खरोखर चांगली होती, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की तिनं आमचा छळ केला. तिनं पोहे केले. पंखा माझ्याकडे वळवला. मग कागद हातात घेतला आणि म्हणाली, “अगं बाई, हे काय? हे तर कानडी!”

“लिपी कन्नड, काकू. आत मराठीच आहे.”

“बरं बरं. मग तूच वाच मोठ्यानं. मी सांगते.”

म्हणून मी वाचलं, वाक्य वाक्य, मोठ्यानं. अण्णा समोरच्या सोफ्यावर टोकाला बसले होते, पोह्यांची बशी गुडघ्यावर घेऊन. काकूंनी प्रत्येक वाक्याला थांबवलं. हे असं नाही. याला ‘जरा’ म्हणायचं. हा हेल काढून टाक, शेवटी वर नेऊ नकोस. हा शब्द मराठी नाहीच. हा आहे, पण तसा वापरत नाहीत. “कुठून शिकलीस गं हे असलं?”

कुठून शिकले ते समोर बशी धरून बसलं होतं.

अण्णा प्रत्येक दुरुस्तीला मान हलवत होते. “सरी, सरी.” मग एकदम जीभ चावून, “बरोबर, बरोबर.” थोड्या वेळानं तर तेही सुधारायला लागले. मी वाचताना अडखळले की काकूंच्या आधी हेच म्हणायचे, “ते नको पुट्टी, ते आपल्याकडचं आहे.” उत्साहानं म्हणत होते, चांगला विद्यार्थी असल्यासारखं. पोहे तसेच गार झाले.

गाण्यापाशी आलो. काकूंनी ऐकलं, हसू आवरलं आणि मायेनं म्हणाल्या, “हे मात्र काढून टाक, बाळ. मला कळतंय तुला काय म्हणायचंय, पण लोक हसतील. देवीला बा बा काय?”

मी वाद घालायला तोंड उघडलं. सगळं व्याख्यान त्यावर उभं होतं. खडा काढला की उरलं काय, असं म्हणणार होते. पण अण्णाच घाईघाईनं म्हणाले, “काढ, काढ. ते घरचं आहे. घरात ठीक.” त्यांच्या चेहऱ्यावरची ती घाई मला अजून दिसते. चारचौघांत कुणाचं धोतर सुटावं आणि त्यानं हसत हसत ते गोळा करावं, तसे ते दिसत होते. मी काढलं. त्या जागी जर्मनीतल्या एका जुन्या चर्चचं उदाहरण घातलं. ते मी फोटोतच पाहिलं होतं.

पुढचे आठ-दहा दिवस मी काकूंचं मराठी घोकलं. आज मी जे लिहिते आहे तेही तेच मराठी. आमचं मला आता लिहिता येत नाही.

व्याख्यानाला हॉल भरला होता. गणपतीसमोर माईक, मला नवी साडी, आणि मागच्या रांगेत अण्णा, शेवटची खुर्ची लावून नुकतेच बसलेले. मी बोलले. खोटं कशाला सांगू, चांगलं बोलले. शब्द कुठं अडला नाही, हेल कुठं चुकला नाही. भाषेत दडलेल्या लोकांविषयी मी अशा भाषेत बोलले की तिच्यात कुणी दडायला जागाच नव्हती. हे मला बोलता बोलताच कळत होतं आणि कानशिलं तापत होती. टाळ्या मात्र वाजत होत्या.

शेवटी एक वयस्कर गृहस्थ उठले. “विषय उत्तम मांडलात. पण ते चर्च-बिर्च राहू द्या. आपल्याकडचं एखादं उदाहरण सांगा की. घरातलं, रोजचं.”

मी अण्णांकडे पाहिलं. इतक्या लांबूनही त्यांना कळलं मला काय सुचलंय ते. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. नको.

मी वेरूळच्या लेण्यांबद्दल काहीतरी सांगितलं. वेरूळही मी पाहिलं नव्हतं. गृहस्थ समाधानानं खाली बसले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तिथं, हार गळ्यात असताना समजलं.

चहाच्या वेळी सेक्रेटरी अण्णांजवळ आले आणि पाठीवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “काय मराठी आहे हो मुलीचं! कोण म्हणेल ही इथली!” मग हळूच, “पुढच्या महिन्यापासून तुम्ही कमिटीत. मेंबर काय, कमिटीतच.” अण्णांचे डोळे भरून आले. ते काहीतरी बोलायला गेले आणि थांबले, मग नुसते हात जोडले.

त्या दिवशी स्कूटर बंद पडली होती म्हणून आम्ही रिक्षानं परतलो. अण्णा माझ्याशी कन्नडमध्ये बोलत होते. मला वाटलं, रिक्षावाला आहे म्हणून. घरी पोचल्यावर त्यांनी आईला सगळं मराठीत सांगितलं, टाळ्यांसकट, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, “कॉफी कुडीतीया?” कॉफी पिणार का? मी दमले होते म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. आईशी मराठी, शेजारच्या आत्याशी मराठी, आणि मी खोलीत शिरले की मधेच भाषा बदलायची, बोलता बोलता पिशवी या हातातून त्या हातात घ्यावी तशी. कमिटीच्या मीटिंगला ते नेमानं जायचे. मी एकदा सोबत गेले होते. दोन तासांत त्यांनी तोंड उघडलं ते चहाला हो म्हणायला. त्यांना आता सगळे आपला माणूस म्हणत होते.

दोन-तीन महिन्यांनी मी न राहवून विचारलं, “अण्णा, माझ्याशी का नाही बोलत आपल्या भाषेत?”

ते हसले. चूक सापडलेल्या पोरासारखं नाही, अगदी मोठ्या माणसासारखं समजुतीनं. “निन मुंदे तप्पागुत्ते, पुट्टी.” तुझ्यासमोर चुकतं.

मी रडले, भांडले, सगळं केलं. त्यांना त्यात रडण्यासारखं काय हेच कळेना. मुलगी एवढी शिकली, बापाला तिच्यासमोर जपून बोलायला लागतं, यात वाईट काय? उलट अभिमानच होता त्यांना. तो अभिमान मला कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

मग एका सकाळी मी ठरवलं, आपणच सुरुवात करायची. अण्णा जिना उतरत होते, एक पाय चपलेत घातलेला. मी दारातून हाक मारली, लहानपणी मारायची तशीच, तोच हेल काढून, शेवटी वर नेऊन, “अण्णाऽ, एवढ्या बेगा कुठं निघालात? ऊटा करून जा की!” एवढ्या लवकर कुठं, जेवून जा.

ते थांबले. वळून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“तमाषे माडबेडम्मा,” ते म्हणाले. चेष्टा करू नको गं. मग दुसऱ्या पायात चप्पल घातली आणि दुकान उघडायला खाली गेले.